वह्यांची कव्हरं आणि मी लिहिलेली पत्रं

माझे यजमान भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंड ओतायच्या आधी लाकडात जो नमुना कोरावा लागतो, तो कोरायचं त्यांचं काम. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना हव्या त्या मापापेक्षा जरासा मोठा ठेवावा लागतो. किती मोठा, ते पट्टी न लावता सांगायचे. लग्न होऊन मी नागपूरहून टाऊनशिपमधल्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा पोळपाटापासून देव्हाऱ्यापर्यंत घरातलं सगळं लाकूड त्यांच्या हातचं होतं. बोलणं मात्र बेताचं. मी टाऊनशिपच्याच शाळेत हिंदी शिकवायला लागले. आम्हाला एकच मुलगी.

मुलगी सातवीत असताना तिने एक गोष्ट लिहायला घेतली. मोठ्या तलावाच्या तळाशी एक राज्य आहे आणि एक ड्रॅगन त्याची राखण करतो, अशी काहीतरी. शाळेच्या वहीत ही गोष्ट शोभत नाही, असं तिचं म्हणणं होतं. ह्यांनी ते ऐकलं आणि दोन रविवार बाजाराच्या फाटकापाशी बसणाऱ्या मोच्याजवळ जाऊन बसले. दोन सुयांनी टाका कसा घालायचा, रापीच्या पात्याने कातडं कसं तासायचं, ते शिकून आले. मग एका जुन्या बॅगेचं चामडं काढून, ओलं करून, त्यावर लाकडावर कोरावा तसा ड्रॅगन कोरला.

तो ड्रॅगन मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. त्याच्या अंगावरचे खवले बॉयलरच्या पत्र्यासारखे, रिव्हेट मारलेले. तोंड भट्टीच्या दारासारखं. मागे एक राजवाडा आणि त्याला एक उंच मनोरा.

"बाबा, ही आपली पाण्याची टाकी आहे," मुलगी म्हणाली.

"मग? तिथे कुणी राहू नये का?"

इतक्या वर्षांत हे असं काही बोलतील असं मला वाटलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोघांकडे बघत राहिले.

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. कारखान्यातून आले की चहा घ्यायचे आणि मागच्या व्हरांड्यात बसायचे. शेजारच्या वहिनींनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "भाभी, घर में चमड़ा? पूजा-पाठवाला घर है आपका." खरं सांगायचं तर वास मलाही सहन व्हायचा नाही. पहिले काही महिने मी व्हरांड्याचं दार लावून घ्यायची. पण त्यांच्या हातून जे निघत होतं ते बघितल्यावर दार आपोआप उघडं राहायला लागलं. पाठीवर क्वार्टरांची आख्खी रांग घेऊन पोहणारा मासा. बस स्टॉपवर ताटकळत उभा असलेला पंखांचा घोडा. भीमबेटकाच्या खडकावर रंगवलेला असतो तसा शिंगांचा रानडुक्कर, पण कपाळावर चंद्र असलेला. कुठल्याही पुस्तकात बघून काढलेलं नाही. ते म्हणायचे, "दिवसभर ड्रॉइंगप्रमाणे करतो. इथे ड्रॉइंग नाही."

जवाहर चौकातल्या एका वह्या-पेनांच्या दुकानदाराने तीन कव्हरं काचेच्या कपाटात ठेवली आणि ती महिन्याभरात गेली. पुढे मुलगी शिकायला पुण्याला गेली. तिने कव्हरांचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि कुठून कुठून मागण्या यायला लागल्या. सगळा व्यवहार ती तिकडून बघायची. ह्यांना त्यात रस नव्हता. त्यांना रस होता तो लोकांच्या पत्रांत. कव्हर मिळालं की काही जण मुलीला मेल करायचे, त्या वहीत आपण काय लिहिणार आहोत ते सांगायचे. गुवाहाटीची एक मुलगी आपली स्वप्नं लिहायची. नाशिकच्या एका गृहस्थांनी गेलेल्या भावाच्या आठवणी लिहायला वही घेतली होती. मुलगी ते मेल मला पाठवायची आणि मी संध्याकाळी ते ह्यांना वाचून दाखवायची. ते काम थांबवून ऐकायचे.

एकदा म्हणाले, "कारखान्यात माझं काम कुणाला दिसत नाही. ओतकाम झालं की नमुना गोदामात. हे लोक रोज हात लावतात म्हणजे बघ."

ती पाच-सहा वर्षं आमच्या संसारातली सगळ्यात चांगली.

मग ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले. टेबलाच्या कडेचा कप त्यांचा हात लागून पडायचा. आम्ही चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दोनदा चष्मा बदलला आणि त्यात बराच काळ घालवला. शेवटी स्कूटरवरून येताना उजव्या बाजूने आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही, तेव्हा साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. डोळ्यांतला दाब मोजून, अंधाऱ्या खोलीत तपासून त्यांनी काचबिंदू सांगितला.

"जो चला गया वो वापस नहीं आएगा," त्या म्हणाल्या. "जो बचा है, उसे बचाने की कोशिश करेंगे."

थेंब झाले, ऑपरेशन झालं. राहिलेलं टिकलं नाही. नजर नळीतून बघितल्यासारखी अरुंद होत गेली आणि मग त्या नळीतही धुकं भरलं. कारखान्याने आधी त्यांना बसून करायचं काम दिलं, नंतर तेही जमेना तेव्हा वैद्यकीय कारणाने ते घरी बसले. मी शाळेत असल्यामुळे क्वार्टर माझ्या नावावर करून मिळालं, एवढंच बरं झालं.

व्हरांड्यातलं काम त्यांनी सोडलं नाही. म्हणाले, हाताला माहीत आहे. आणि सुरुवातीला खरंच माहीत होतं. नुसत्या बोटांनी चाचपून केलेली चार-पाच कव्हरं अशी झाली की कुणाला संशय आला नसता. मग एक परत आलं.

पार्सल आलं तेव्हा ते आंघोळीला गेले होते. मी उघडलं. आत ड्रॅगनचं कव्हर आणि एक सभ्य चिठ्ठी होती: फोटोत पाहिलं होतं तसं हे नाही, राग मानू नये. मी कव्हर उजेडात धरलं. रेघ एकदा चुकून परत दुसऱ्या जागी कापलेली. डोळा चेहऱ्याच्या बाहेर गेलेला. पंख अंगाला जोडलेलाच नव्हता. मी हे कव्हर पाठवताना नीट बघितलं नव्हतं, की बघून दिसू दिलं नव्हतं, कुणास ठाऊक.

ते बाहेर आले. "कोण होतं?"

"कुरियरवाला. शेजारच्यांचं होतं," मी म्हणाले. आणि मग कुणी विचारलं नसताना म्हणाले, "अहो, त्या ड्रॅगनवाल्यांचा मेल आलाय. फार आवडलं म्हणतात."

त्यांचा चेहरा असा उजळला की पुढचं सगळं तिथेच ठरलं.

मुलीला मी फोनवर खरं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना सांगूया. बाबा साधी कव्हरं करतील, बिनचित्राची. टाका अजून सुंदर घालतात ते. मी विकेन."

"नोकरी गेली, डोळे गेले. आता हेही काढून घेऊ?"

"काढून कुठे घेतोय? बदलतोय फक्त."

तिचं बरोबर होतं. साधी कव्हरं त्यांनी शेवटपर्यंत केली असती. पण मी ऐकलं नाही. मी तिला रडून गप्प केलं आणि इंटरनेटवरची जाहिरात काढून टाकायला लावली. त्या दिवसापासून पुढची प्रत्येक मागणी माझ्या मनातून आली.

ते कव्हर पुरं करायचे, मी त्यांच्यासमोर कागदात गुंडाळायची, सुतळी बांधायची, पत्ता लिहिते आहे असं बोलायची आणि पिशवीत घालून शाळेत न्यायची. स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात एक खोकं होतं, त्यात ठेवायची. आठवड्याने पत्र वाचून दाखवायची. तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलेली बाई मी. वेगवेगळ्या माणसांच्या तऱ्हा मला चांगल्या जमायच्या. एक कॉलेजची मुलगी, एक रिटायर्ड बँकवाले, एक नव्याने आई झालेली.

आणि सांगलीच्या बाई. या बाईंचं घर लहानपणी पुरात वाहून गेलं होतं आणि त्या आता वहीत ते घर आठवून आठवून खोलीगणिक लिहून काढत होत्या. त्यांना कव्हरावर पोहणारं घर हवं होतं, माशासारखे पर असलेलं. हे सुचलं तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. ह्यांना ती कल्पना अशी भिडली की महिनाभर त्यांनी दुसरं काही हातात घेतलं नाही.

"त्यांना विचार, दार कुठल्या बाजूला होतं."

मी दोन दिवस थांबून सांगायची, "पूर्वेला. दाराशी पारिजातक होता म्हणतात."

"स्वयंपाकघराला खिडकी होती का?"

"होती. उंच होती. त्यांचा हात पोचायचा नाही."

संध्याकाळ झाली की मी नवीन काय सांगायचं ते योजत असायची. मला त्यात गोडी वाटायला लागली होती, हे मी आज लपवत नाही. आणि कधी कधी त्या बाईंचा हेवाही वाटायचा. कारण इतके प्रश्न ह्यांनी मला कधी विचारले नव्हते. कव्हर झालं तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात देताना विचारलं, "कसं झालंय?" घर तिरकं होऊन कडेला गेलं होतं. पर भिंतीतून आरपार कोरले गेले होते. मी म्हणाले, "पोहतंय अगदी."

असं दीड वर्ष चाललं.

तोवर टाऊनशिप ओस पडत चालली होती. कारखान्यात नवी भरती थांबली होती. जुने लोक निवृत्त होऊन जात होते आणि त्यांच्या क्वार्टरांना कुलपं लागत होती. काही छपरांतून पिंपळ उगवले होते. माझ्या वर्गात अकरा मुलं उरली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळा बंद करण्याचा आदेश आला. कपाटं रिकामी करायची होती. मी शाळेतल्या आयाबाईला सांगितलं, खालच्या कप्प्यातलं खोकं बाजूला ठेव, मी नंतर बघते. आणि शेवटच्या मीटिंगला जाऊन बसले. ती बिचारी भली बाई. मॅडमना एवढं ओझं कशाला, म्हणून तिने खोकं नवऱ्याच्या स्कूटरवर ठेवलं आणि आमच्या घरी पोचतं केलं.

दीड वाजता मी घरी आले. हे व्हरांड्यात बाजेवर बसले होते. समोर चटईवर सुतळ्या, कागद आणि कव्हरं. एकावर एक नाही, एकाशेजारी एक, नीट मांडलेली.

"शाळेतली बाई देऊन गेली," ते म्हणाले. "म्हणाली, मैडम का सामान है. चामड्याचा वास आला म्हणून उघडलं."

मी तशीच उभी राहिले. पिशवी खांद्यावर होती.

"बस," ते म्हणाले.

मी बसले. त्यांनी पहिलं कव्हर उचललं आणि अंगठा फिरवला. कारखान्यात नमुना तपासताना फिरवायचे तसा, सावकाश, कडेपासून आत.

"हे कॉलेजच्या मुलीचं. शेपटी दोनदा कापली गेलीय." ते खाली ठेवलं. दुसरं घेतलं. "हे बँकवाल्यांचं. इथे रेघ संपतच नाही, कडेपर्यंत गेलीय. चामडं जास्त ओलं असणार." तिसरं. "याला तर तोंडच नाही."

"अहो, राहू द्या ना."

"थांब. बघू दे."

सतरा कव्हरं होती. त्यांनी एकही सोडलं नाही. प्रत्येकाचा दोष सांगितला, जसा दुसऱ्या कुणाच्या कामाचा सांगावा. कोरताना जे बोटांना कळलं नव्हतं ते कोरडं झाल्यावर, कडक झाल्यावर लख्ख कळत होतं. आवाज एकदाही चढला नाही. शेवटी पोहणारं घर हातात घेतलं आणि बराच वेळ घेतला.

"सांगलीच्या बाई?" त्यांनी विचारलं.

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"त्याही तूच?"

"हो."

"मग ते पूर्वेचं दार, पारिजातक?"

"आमच्या घराचं. नागपूरच्या."

त्यांनी बोट कव्हरावरच्या दारावर नेऊन ठेवलं. मग म्हणाले, "तसं सांगायचंस. तुझ्यासाठी केलं असतं."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं नाही, की उठून गेलेही नाहीत. जेवायला वाढलं तेव्हा जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी हत्यारं तेलाच्या फडक्याने पुसली, कापडात बांधली आणि बाजाराच्या फाटकापाशी मोच्याला नेऊन द्यायला सांगितली. कव्हरांचं काय करू, असं मी विचारलं. "ती विचारण्यासारखी आहेत का?" एवढंच म्हणाले.

मुलगी धावत आली. त्यांच्या पायाशी बसून म्हणाली, "बाबा, मी सांगणार होते हो तुम्हाला."

"पण सांगितलं नाहीस," ते म्हणाले. रागाने नाही. मला वाटतं, रागावले असते तर आम्ही तिघं वाचलो असतो.

शाळा गेली तसं क्वार्टरही गेलं. आम्ही साकेत नगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, हॉस्पिटल जवळ पडावं म्हणून. क्वार्टरमध्ये त्यांना प्रत्येक पायरी पाठ होती. इथे त्यांनी घर शिकून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. खुर्ची, पलंग, बाथरूम, बस. आणि माझ्या बोलण्यावरचा त्यांचा भरवसा गेला होता. भांडण नव्हतं, टोमणा नव्हता. पण मी म्हणाले, बाहेर ऊन आहे, तर ते खिडकीतून हात बाहेर काढून बघायचे. मी म्हणाले, शर्ट स्वच्छ आहे, तर वास घेऊन बघायचे. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगत असताना ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना पुन्हा तेच विचारायचे. मला कळतंय हे त्यांना कळत होतं. तरी त्यांचा इलाज नव्हता.

मी एकदा धीर करून म्हणाले, "आधीची पत्रं खरी होती हो. गुवाहाटीची मुलगी, नाशिकचे गृहस्थ, ती सगळी खरी."

"असतील," ते म्हणाले.

"हवं तर मुलीकडून परत वाचून घ्या."

ते हसले. फार दिवसांनी हसले होते. मी तो विषय पुन्हा काढला नाही. मग एकदा साध्या कव्हरांचं सुचवलं, मुलीने पूर्वी म्हटलं होतं तसं. "घेणार कोण? तू?" असं म्हणून त्यांनी रेडिओ लावला.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नाशिकचे ते गृहस्थ भोपाळजवळच्या मंडीदीपला एका कारखान्यात कामासाठी आले. त्यांनी मुलीला मेल करून पत्ता मागितला. आपल्या वहीचं कव्हर ज्यांनी केलं त्यांना एकदा भेटायचंय, म्हणाले. मुलीने मला फोन करून हे सांगितलं. आता खरं माणूस येणार होतं, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या आवाजात बोलणारं.

ते आले. साधे, थोडे लाजरे. बरोबर वही आणली होती. पंखांच्या घोड्याचं कव्हर वापरून वापरून मऊ, काळसर झालं होतं. ह्यांनी ते हातात घेतलं आणि बोटं फिरवली आणि मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता असा चेहरा पाहिला.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "हे चांगलं आहे."

गृहस्थांनी भावाबद्दल सांगितलं. वही भरली, आता दुसरी याच कव्हरात घातलीय, म्हणाले. रोज सकाळी लिहायला बसताना आधी घोड्यावर हात ठेवतो, म्हणाले. ह्यांनी मान हलवून सगळं ऐकलं, एक-दोन प्रश्न विचारले. चहा झाला. मी पाहुण्यांना जिन्यापर्यंत सोडून परत आले. मला वाटत होतं, आता काहीतरी सुटेल.

हे खुर्चीत तसेच बसले होते.

"छान बोलला," ते म्हणाले. "किती दिवस तयारी करून घेतलीस?"

मी समोर बसले. शपथ घेतली. मुलीला फोन लावते म्हणाले. मग माझं मलाच ऐकू आलं, की मी अगदी तशाच आवाजात बोलते आहे ज्या आवाजात मी सांगलीच्या बाईंची पत्रं वाचायची. मी थांबले. "कव्हर खरं होतं," ते म्हणाले, जणू माझी समजूत काढत होते. "ते कळलं मला. माणसाचं मला कळत नाही."

त्यानंतर ते तीन वर्षं होते. मुलगी यायची, जायची. आमच्यात कधी वाईट शब्द गेला नाही. शेवटी छातीत कफ भरला म्हणून हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा मी पूर्णवेळ त्यांच्या उशाशी होते. हात हातात होता. दुपारी नर्स सलाईन बदलायला आली, तिच्या बुटांचा आवाज ऐकून त्यांनी मान तिकडे वळवली.

"सिस्टर," त्यांनी विचारलं, "कितने बजे हैं?"

समोरच भिंतीवर घड्याळ होतं. दहा मिनिटांपूर्वीच मी त्यांना वेळ सांगितली होती.